एकास सत्त्याऐंशी

दिवाळीच्या सुट्टीत मराठी मुलांनी किल्ला केला नाही, असं वर्ष अजून तरी उजाडलेलं नाही. वाडे गेले, अंगणं गेली, सोसायट्या आल्या. किल्ला पार्किंगच्या कोपऱ्यात सरकला, पण टिकला. विटा रचायच्या, पोत्यावर चिखल थापायचा, अळीव पेरून चार दिवसांत डोंगर हिरवा करायचा, आरशाच्या तुकड्याचं तळं करायचं आणि मग चित्रं मांडायची. या किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असतो, नांगर धरलेला शेतकरी बुरुजाएवढा असतो आणि पायथ्याशी गवळण व वाघ एकाच मापाचे असतात. त्यात कुणाला काही खटकत नाही. खटकू नयेच.

जगात माणसांची एक जमात मात्र अशी आहे, की तिला हे खटकतं. मावळा पाच फूट सहा इंचांचा धरला, तर दरवाजा किती उंच हवा, पायरी किती मिलिमीटरची हवी, हे ती फूटपट्टी घेऊन मोजत बसते. ही जमात म्हणजे छोट्या रेल्वेचे हौशी लोक. मुलांच्या खेळण्यातल्या चावीच्या गाडीबद्दल मी बोलत नाही. खऱ्या इंजिनाच्या प्रत्येक रिव्हेटचा हिशेब ठेवून केलेली तळहातावरची इंजिनं, त्यांच्यासाठी मांडलेले रूळ, स्टेशनं, पूल, गिरण्या, चाळी आणि अख्खी गावं, असा हा उद्योग आहे. तो करणारी माणसं बहुतेक चाळिशीच्या पुढची असतात. रॉड स्टुअर्ट हा गायक जगभर दौरे करताना हॉटेलात एक जादा खोली घ्यायचा, ती रियाझासाठी नव्हे, तर छोट्या इमारती रंगवण्यासाठी. वीसहून अधिक वर्षं खपून त्यानं १९४०च्या दशकातलं एक अमेरिकन शहर उभं केलं. २०१९ साली एका ब्रिटिश मासिकात त्याची छायाचित्रं आली, तेव्हा लोकांना कळलं की बहुतेक इमारती त्यानं स्वतःच्या हातानं केल्या आहेत.

या हौसेचा उगम आपल्या ओळखीच्या जागी आहे, तो म्हणजे भातुकलीत. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावी १८५९ साली मार्कलिन नावाच्या कारागिरानं पत्र्याची चिमुकली स्वयंपाकाची भांडी करायला घेतली. पुढच्या पिढीनं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत इंग्रजी आठच्या आकड्याच्या रुळांवर धावणारी आगगाडी मांडली. त्यांची खरी अक्कल गाडीपेक्षा रुळांच्या मापात होती. त्यांनी रुंदीला क्रमांक दिले. त्यामुळे आज गाडी घेतली, तर पुढच्या वर्षी तिला जोडायला आणखी रूळ घेता येऊ लागले, आणि मुलाच्या वाढदिवशी बापाला दरवर्षी दुकानात यावं लागू लागलं. बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला या व्यापारी बुद्धीला दाद द्यावीशी वाटते. अर्थात, व्यापाराचं चाकही फिरतंच. याच कंपनीला तिच्या दीडशेव्या वर्षी, २००९ साली, दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला आणि त्यातून ती सावरलीही. इंग्लंडमधला फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलच्या एका मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याचा हिशेबनीस. आपल्या मुलांसाठी पत्र्याच्या पट्ट्यांना भोकं पाडून त्यानं खेळ केला. त्याचं मेकॅनो झालं. १९२०पासून त्यानं गाड्या काढल्या आणि हॉर्नबी हे नाव इंग्रजी घरात छोट्या रेल्वेचंच दुसरं नाव होऊन बसलं. वह्या लिहिणाऱ्या माणसाच्या हातून असं काही झालं, याचा मला जातीचा अभिमान आहे.

आता थोडं माप. गाड्यांचं एक जुनं माप ‘ओ’ या नावानं ओळखलं जातं. त्याच्या निम्म्याला ‘हाफ ओ’, म्हणजे ‘एचओ’ म्हणू लागले. जगात आज सर्वांत जास्त चालतं ते हेच. त्याचं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान करायची. पाच फूट आठ इंचांचा माणूस दोन सेंटिमीटरचा होतो. आपल्या गाडीचा निळा डबा साडेचोवीस सेंटिमीटरचा, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडा कमी. इथवर छान वाटतं. पण मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटरचं अंतर याच मापात करायचं म्हटलं, तर सव्वादोन किलोमीटर लांबीचं टेबल लागेल! वळणाचंही तसंच. आपल्या ब्रॉडगेजवरचं तीव्रातलं तीव्र वळण १७५ मीटर त्रिज्येचं. ते मापात केलं तर त्रिज्या दोन मीटर येते आणि नुसती गाडी परत फिरवायला चार मीटरची खोली हवी. म्हणून हौशी माणूस इमारत, माणूस, इंजिन अगदी मापात करतो आणि अंतराच्या बाबतीत मात्र बिनदिक्कत खोटं बोलतो. कादंबरीकार तरी दुसरं काय करतो? माणसं खरी ठेवायची आणि त्यांच्यामधली वर्षं कापून टाकायची.

मापाच्या या खेळात देशोदेशीच्या तडजोडीही दिसतात. ब्रिटिश इंजिनं युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगानं बारीक. सत्त्याऐंशी पट लहान केली, तर त्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात मावेनात. मग ब्रिटिशांनी इंजिन शहात्तर पटीनं लहान केलं आणि रूळ मात्र सत्त्याऐंशीच्या मापाचेच, साडेसोळा मिलिमीटरचे ठेवले. मोठ्या अंगाची गाडी अरुंद रुळावर, असा हा संसार गेली ऐंशीपेक्षा जास्त वर्षं सुखानं चालला आहे. आपली अडचण उलटी. भारतीय ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं की सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. तयार मिळतात ते रूळ साडेसोळाचे. त्यामुळे आपली डेक्कन क्वीन मापात करून बाजारच्या रुळावर ठेवली, की ती पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. नॅरोगेजवाला मात्र इथे नशीबवान. अडीच फुटी नॅरोगेजला सत्त्याऐंशीनं भागा, पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि ‘एन’ नावाच्या आणखी छोट्या मापाचे रूळ बाजारात मिळतात ते बरोबर नऊ मिलिमीटरचे. हा पाव मिलिमीटरचा योगायोग लक्षात ठेवा, पुढे तो माझ्या कामी आला आहे.

गाडी चालते कशी? जुन्या पद्धतीत दोन रुळांतून बारा व्होल्टची वीज सोडतात. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो आणि प्रवाहाची दिशा उलटली की गाडी मागे जाते. त्यात एका रुळावरच्या सगळ्या गाड्या एकदम हलतात. नव्या डिजिटल पद्धतीत रुळांत वीज कायम असते, प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो आणि ज्याला हुकूम दिला तेच चालतं. या विजेच्या गुंत्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६पासून विद्यार्थ्यांचा छोट्या रेल्वेचा क्लब आहे. तिथली सिग्नल आणि तारांची मंडळी हुशारीनं केलेल्या जोडणीला ‘हॅक’ म्हणत. पुढे तीच मुलं संस्थेतल्या संगणकाकडे वळली आणि ‘हॅकर’ हा शब्द त्यांच्याबरोबर जगात गेला. आज तो शब्द ऐकला, की आपण बँकेचं खातं तपासतो!

पण इंजिन हा या हौसेचा निम्माच भाग. इंजिन पैसे टाकून विकत मिळतं, गाव मिळत नाही. ते करावं लागतं. खरं सांगायचं तर मला इंजिनापेक्षा या गावांचंच वेड जास्त. जर्मनीच्या काळ्या जंगलात ग्युटेनबाख नावाच्या गावी हेर्मान आणि एडविन फालर या भावांनी १९४६ साली छोट्या घरांचा कारखाना काढला. सालाकडे लक्ष द्या. महायुद्ध संपून वर्ष झालं होतं, जर्मन शहरं ढिगाऱ्याखाली होती आणि हे दोघं तळहाताएवढी कौलारू घरं, चर्च, स्टेशनं विकायला निघाले होते. खऱ्या घरांची वाण असलेल्या देशात या घरांना गिऱ्हाईक मिळालं. त्याच देशात रोथेनबुर्गजवळ प्रायझर नावाची कंपनी दोन सेंटिमीटरची माणसं करते. पोस्टमन, नवरी, बँडवाले, बाकावर डुलक्या घेणारे म्हातारे, सगळे मिळतात.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ लाँग विटनहॅम या खेड्यात पेंडन नावाचं संग्रहालय आहे. ते उभं करणारा रॉय इंग्लंड हा मूळचा ऑस्ट्रेलियन. १९२५ साली तो विलायतेला आला, तो रेल्वेच्या वेडानं. आला आणि तिथल्या गवती छपरांच्या खेड्यांच्या प्रेमात पडला. त्याच्या डोळ्यांदेखत ती छपरं उतरत होती, भिंती पडत होत्या. वाचवणं त्याच्या हातात नव्हतं. मग त्यानं ती घरं मोजायला घेतली. जाड कागदाच्या भिंती, त्यावर जलरंगानं एकेक वीट, प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतात त्या तागाचं छप्पर, परसातल्या वाफ्यात एकेक कोबी. १९५४पासून हे काम संग्रहालयाच्या रूपात चाललं आहे आणि त्याच्या पश्चात इतर हातांनी चालू ठेवलं आहे. तिथल्या दरीत १९२० आणि ३०च्या दशकातलं ग्रामीण इंग्लंड थांबलेलं आहे. मूळ घरांपैकी कित्येक आता नाहीत. असं काम पाहिलं की ‘खेळणं’ हा शब्द जिभेवरून मागे फिरतो.

या गावांची रचना ही नाटकाच्या नेपथ्यासारखी असते. टेबल संपतं, पण जग संपलेलं दिसता कामा नये. मग कडेला अर्ध्याच जाडीच्या इमारती उभ्या करतात. पुढून तीन मजली गिरणी, मागे काही नाही. गाडी बोगद्यात शिरते ती विंगेत जाते. पडद्याआड सगळ्या गाड्या उभ्या करण्याची जागा असते, तिथून हातानं गाडी उचलून, फिरवून पुन्हा रंगमंचावर धाडतात. पाहणाऱ्याला वाटतं, गाडी लातूरला जाऊन आली.

आपल्याकडे ही हौस फार जणांना परवडणारी कधीच नव्हती. आमच्या तरुणपणी परदेशी वस्तूंवर जकातीचा असा बडगा असे, की कुणाचा मेहुणा जर्मनीहून इंजिन घेऊन आला, तर तो गल्लीत चर्चेचा विषय होई. अशा काळात पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी जिद्दीनं छोट्या रेल्वेचा संसार मांडला. आधी फिरतं प्रदर्शन केलं आणि मग १९९८ साली कोथरूड भागात कायमचं संग्रहालय उभं केलं. गाड्या, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, सगळं एका खोलीत. जर्मनीत हांबुर्गला दोन भावांनी २००१ साली उघडलेलं अजस्र ‘वंडरलँड’ आज जगभर गाजतं आहे. पण आपल्याकडे जकातीच्या दिवसांत एका माणसानं घातलेल्या या घाटाचं मोल मला वेगळं वाटतं.

माझ्या डोक्यात हे वेड शिरलं ते आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त इंजिनिअरमुळे. तिसऱ्या मजल्यावरची त्यांची एक खोली म्हणजे अर्धा बोरघाट आहे. एकदा बोलता बोलता मी त्यांना सांगितलं, की माझे वडील बार्शी लाईट रेल्वेच्या मार्गावर लातूरच्या बाजूला एका लहान स्टेशनावर मास्तर होते. गृहस्थ खुर्चीतून उठलेच. “अहो, मग तुम्ही इतके दिवस गप्प का? कॅलथ्रॉपची लाइन ती!”

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. अडीच फुटी रूळ, पण माल मात्र भरपूर वाहायचा, त्यासाठी प्रत्येक आसावर पाच टनांचाच भार आणि तो सगळ्या आसांवर सारखा वाटलेला, हा त्याचा सिद्धान्त. विलायतेत लीड्सजवळ रूळ टाकून त्यानं तो आधी सिद्ध केला आणि १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. मग ती पंढरपूरला गेली, लातूरला गेली, १९२७ साली मिरजेला पोचली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वारकऱ्यांनी तिच्या टपावर बसून प्रवास केला. याच कॅलथ्रॉपनं नंतर इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची छोटी लाइन बांधली. ती १९०४ ते १९३४ अशी जेमतेम तीस वर्षं चालली. पण तिच्या मॉडेलचे हौशी तिथे आजही आहेत. बार्शीची लाइन त्याहून तिप्पट जगली. २०००नंतरच्या दहाबारा वर्षांत टप्प्याटप्प्यानं तिचं ब्रॉडगेज झालं. झालं ते लोकांच्या सोयीचंच झालं, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त वडिलांचं स्टेशन त्यात गेलं. आता त्या जागी एक बाभूळ आणि सिमेंटचा ओटा आहे.

“करू या,” इंजिनिअर म्हणाले. “रूळ नऊ मिलिमीटरचे मिळतात. इंजिनाचा सांगाडा मी जमवतो. तुम्ही फक्त इमारतीची मापं द्या.”

मापं! आमच्याकडे त्या स्टेशनचा एकही फोटो नाही. वडिलांचा आहे, आईचा आहे, मुंजीतला माझा आहे, स्टेशनचा नाही. रोज डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीचा फोटो त्या काळी कोण काढणार? दाराला किती फळ्या होत्या, तिकिटाची खिडकी डावीकडे की उजवीकडे, पत्र्याला किती पन्हळी, मला काही सांगता येईना. मग लातूरला ताईला फोन केला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती म्हणाली, “खिडकी माझ्या हनुवटीला लागायची. बाबांना डबा द्यायला मी टाचा उंच करायची नाही.” ती तेव्हा किती वर्षांची, त्या वयाच्या मुलीची हनुवटी किती उंचीवर, यावरून इंजिनिअरांनी खिडकीचं माप काढलं. ओसरीवर दोन खाटा आडव्या मावत, यावरून रुंदी निघाली. महिनाभर रोज रात्री फोन चालला. आई-वडील गेल्यापासून आम्ही भावंडं एकमेकांशी इतकं बोललो नव्हतो.

सामान घरातूनच निघालं. भिंती पुठ्ठ्याच्या, दगड त्यावर रंगवलेले. पन्हळी पत्रा चॉकलेटच्या चांदीचा. वापरलेली चहापूड वाळवून केलेली माती, रंगवलेल्या भुश्शाचं गवत. घोसाळ्याची वाळलेली जाळी तोडून, तारेच्या खोडावर चिकटवून कडुनिंब झाला. रुळांमधली खडी फेव्हिकॉलच्या पाण्यानं बसवायची, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकायचा, म्हणजे पाणी खडीत मुरतं. मिरीचा दाणा सत्त्याऐंशीच्या मापात बरोबर फलाटावरच्या रांजणाएवढा होतो आणि मोहरीचा दाणा तांब्याएवढा, हा शोध आमच्या हिनं लावला. तेव्हापासून मसाल्याच्या डब्याकडे मी आदरानं पाहतो. गाडी सुटताना बडवायचा रुळाचा तुकडा म्हणून शिवणाच्या सुईचं टोक लटकवलं.

मग प्रश्न आला माणसांचा. प्रायझरची माणसं पाहिली. हॅट घातलेली, सुटकेस घेतलेली, सुट्टीला निघालेली. ताई म्हणाली, “आपल्या फलाटावर अशी माणसं कधी होती का? बहात्तर सालची माणसं करा.”

१९७२चा दुष्काळ मी बारा वर्षांचा असताना पाहिला. खडी फोडायच्या कामावर जाणारी, कामावरून परतणारी, कुठे जायचं हे न ठरवता नुसती फलाटावर बसून राहिलेली माणसं. गाडी आली की बायका घागरी घेऊन इंजिनाकडे जात. ड्रायव्हर टाकीतलं गरम पाणी थोडं थोडं सोडी. इंजिनाचं पाणी असं वाटणं नियमात बसत नव्हतं. त्या वेळी वडील आत जाऊन पाठमोरे बसत आणि रजिस्टर लिहीत. गाडी हलली की बाहेर येत. त्यांच्या रजिस्टरात या पाण्याची नोंद कधीच झाली नसणार.

या हौसेतली बहुतेक गावं कायम उन्हाळी सकाळची असतात. दुकानं रंगवलेली, भिंती धुतलेल्या, कुणी उपाशी नाही. हातानं जग करायचं तर छान का करू नये, असं मलाही वाटलं. हौसेच्या टेबलावर दुष्काळ मांडायचा? नातवंडं पाहणार, पाहुणे पाहणार. पण ताईनं ऐकलं नाही. “तेवढे लोक काढलेस, तर बाबांचं स्टेशन राहील का ते? कुठलंही स्टेशन होईल.”

ती माणसं बाजारात मिळत नाहीत. तांब्याच्या बारीक तारेवर कागदाचा लगदा चढवून मी करतो आहे. एकाला तीन संध्याकाळी लागतात. आजवर अकरा झाली. नाकडोळे त्या मापात करावे लागत नाहीत. बसण्याची ढब जमली की माणूस ओळखू येतो, आणि ढब मला आठवते. वडिलांची आकृती सर्वांत सोपी गेली. ती खिडकीतून फक्त पाठमोरी दिसते.

वाचकांना एक विनंती आहे. इंजिनं घ्यायची की नाही हे ज्यानं त्यानं खिसा पाहून ठरवावं. पण तुमच्या गावचं जुनं स्टेशन, शाळा, चावडी, गिरणी, आजोळचं घर, यांतलं काही अजून उभं असेल, तर येत्या रविवारी शिंप्याची टेप घेऊन जा. दाराची उंची, पायऱ्यांची संख्या, खिडकीचे गज मोजा, रंग लिहून ठेवा. भिंतीला एक माणूस उभा करून फोटो काढा, म्हणजे उंची कळते. तासाभराचं काम आहे. चिमुकलं गाव करणारं कुणी पुढे तुमच्या घरात निघेलच असं नाही. निघालं, तर त्याला हनुवटीच्या हिशेबानं खिडकी शोधावी लागू नये.